बाहुला माझ्या तुकड्यात आला

कुणीतरी मुद्दाम पुसलाय माझ्या बोटाचा ठसा दारावरच्या त्या हजेरीच्या यंत्रातून, दुसरं काही नाही. यंत्र असं आपोआप बिघडत नसतं — डिसेंबरात हिरवा दिवा लागायचा, आज लाल. बसा ना तुम्ही, उठू नका, बाकावर जागा आहे. भांडं मी खाली ठेवते. जपून, गरम आहे. तमाले आहेत, मक्याचं पीठ पानात गुंडाळून केलेले, पहाटेपासून वाफेवर होते, अख्ख्या विभागाला पुरतील. आज दोन फेब्रुवारी, कांदेलारियाचा सण ना — आणि बाहुला माझ्या तुकड्यात आला होता.

हो, इथेच आत, विभागात, जानेवारीत. तीन राजांच्या सणाचा गोल पाव कापला, सगळे कसे चावतात माहितीये ना — भीत भीत, आतला बाहुला ज्याला निघेल, त्याच्या गळ्यात कांदेलारियाला सगळ्यांचे तमाले. कायम झालेले प्राध्यापक तर जिभेखाली लपवतात, खोटं नाही सांगत. मला दाताखाली लागला आणि मी हात वर केला. सगळे हसले — ‘ओतिलियाबाई, तुम्हालाच बरी हौस.’ हौस कसली? तासिका तत्त्वावरची बाई मी, दर सत्राला नव्यानं नेमणूक, जानेवारीभर फोनकडे बघत बसायचं. पण फेब्रुवारीत तमाले आणायचे म्हणजे फेब्रुवारीत मी इथे असणार — की नाही? विभागप्रमुख स्वतः म्हणाल्या, ‘हिरव्या मिरचीचे आणा.’ जिला काढायचंय तिला कुणी मिरची सांगतं का? नाही सांगत. फोन आला नाही, पण तो राहून गेला असेल.

काम चोख आहे माझं. सकाळी इथे पुएब्लात, दुपारी चोलुलाच्या कॉलेजात, संध्याकाळी परत इथे — जेवण बसमध्ये, मांडीवर पेपर. नापास कुणाला करत नाही — म्हणजे करायचे, पूर्वी. पण सत्र संपताना मुलंच आपल्याला गुण देतात, कमी पडले की तास गेले. मग कोण कुणाला तपासतंय? त्यांना सूत्र येत नाही, मला दिसतं, आणि मी पास लिहिते. हे तुम्ही ऐकलं नाही हं. आणि नोव्हेंबरातलं ते — ते काहीच नव्हतं. फळ्यावर लिहून झालं, मागे वळायचं होतं, आणि वळताच येईना. खडू हातात, पाठीमागे भरलेला वर्ग, आधी हसणं, मग कुजबुज, मग तीही नाही — आणि मी आपली फळ्याकडे तोंड करून, तास संपेपर्यंत. कुणी तक्रार केली नाही; निदान मला तसं वाटतं. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. घेतली असती तर तास दुसऱ्याला गेले असते, म्हणून नाही घेतली. चोख आहे काम.

अरेतुरे करते हं, माझ्या धाकट्या भावाएवढा दिसतोस. शर्टाची घडीही मोडली नाही अजून. त्या पहारेकऱ्यानं, फिदेन्सिओनं, तुलाही थांबवलंय का? माझंच विचारायला आत गेलाय तो. बोट नोंदवायचंय — हो, नव्यांचं आजच घेतात. छान. विषय कोणता रे तुझा?

संख्याशास्त्र. माझाही तोच. हां — तुकड्या वाढवल्या असतील, मुलं फार झालीत. वार कोणते?

मंगळवार, गुरुवार.

जिन्याशेजारची खोली का? नुसती मान हलव.

नाही, उठतोस कुठे, तुझा काय दोष. त्या खोलीतला पंखा खडखडतो, बंदच ठेव. आणि फळा कमी वापर — म्हणजे, वर्गाकडे तोंड करून लिहायची सवय कर. एक तमाला घे. घे रे, झाकण जरा घट्ट बसलंय, वाफेचा चटका बसतो — हा बघ आला फिदेन्सिओ. विचारलंस का रे आत? काय म्हणाल्या?

“नवे सर, तुम्ही चला,” फिदेन्सिओ म्हणाला. “आणि येताना बाईंचं भांडं तेवढं उचला, आत सगळे तमाल्यांची वाट बघतायत.”