केकवरचं नाव

नवऱ्याच्या वाढदिवसाचा केक न्यायला आर्डिथ गावातल्या बेकरीच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे एकाच पक्षाची दोन माणसं भांडत होती. कालच प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, ड्रेसेलने व्हिटलॉकला हरवून नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी पक्षाची उमेदवारी मिळवली होती, आणि आज संध्याकाळी पक्षाच्या एकजुटीचं जेवण होतं; वाद त्या जेवणाच्या केकवरून होता.

"मार्लीन, ड्रेसेल जिंकला, मग केकवर नाव त्याचंच येणार ना?"

"खुशाल टाक, बर्डेट. आम्ही व्हिटलॉकची माणसं त्या केकला शिवणारसुद्धा नाही."

"बरं, दोघांची नावं टाकू."

"वर कुणाचं?"

"जिंकलेल्याचं!"

"झालं! महिनाभर आमच्या माणसाला चोर म्हणालात, आता क्रीमखाली गाडा."

"आणि आमच्याला गाढव म्हणालात, ते?"

"ते प्रेमाने."

"मग नुसतं 'एकजूट' लिहू."

"ती आमची घोषणा होती. ढापलीत ना शेवटी!"

"अगं बये, मग काउंटरवरचा तो तयार केकच उचलू. काय लिहिलंय? 'हॅपी बर्थडे, व्हर्नन'."

"हा व्हर्नन कुणाच्या गटाचा?"

"अहो, तो केक माझा आहे," आर्डिथ म्हणाली. "व्हर्नन माझा नवरा."

दोघंही गर्रकन वळली.

"आपल्याच पक्षाचे?"

"हो, पिढ्यान्‌पिढ्या."

"काल मत कुणाला दिलं त्यांनी?"

"कुणालाच नाही. दिवसभर सोफ्यावर घोरत पडले होते."

महिन्याभरात पहिल्यांदाच मार्लीनने बर्डेटकडे नीट पाहिलं आणि बर्डेटने मान डोलावली.

"बाई," मार्लीन हळूच म्हणाली, "नोव्हेंबरात निवडणूक लढवायला ते मोकळे आहेत का हो?"