हार्लन टीग यांच्या टपालपेटीबाबत

मी, वर्ना होल्मग्रेन, वय ६६ वर्षे, धंदा शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, आता निवृत्त, राहणार मिल लेन, सिल्व्हर फोर्क, कोलोरॅडो, घटस्फोटित. शेरीफच्या ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. एल्डन होल्मग्रेन हा माझा पूर्वीचा नवरा असून तो काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. आमचा घटस्फोट होऊन नऊ वर्षे झाली. हिवाळ्यात आपली फेरी आटोपली की तो माझ्या दारातला बर्फ काढून देतो. मी त्याला तसे सांगितलेले नाही. नको असेही सांगितलेले नाही.

माझ्या हातांचे सांधे धरतात. त्यासाठी मी गावातल्या परवानाधारक दुकानातून गांजाच्या चॉकलेट वड्या आणते. हे दुकान उघडू नये म्हणून गावाच्या वरच्या चढावर राहणाऱ्या हार्लन टीग यांनी दारोदार सह्या गोळा केल्या होत्या. त्यात माझीही सही आहे. नंतर हात जास्त दुखू लागले. मी एकवीस वर्षांची झाले आहे याचा पुरावा दुकानात दर वेळी मागतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

या वड्यांची पिशवी लहान मुलांना उघडता येऊ नये अशी केलेली असते. ती मलाही उघडता येत नाही. म्हणून दुकानातल्या मुलीकडून ती उघडून घेऊन मी वड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात काढून ठेवल्या. डब्यावर ‘एल्डन, हात लावू नकोस’ अशी चिठ्ठी डकवली.

आज सकाळी एल्डन माझ्याकडे कॉफी पीत बसला असताना वीज गेली. ट्रक दारात उभा होता. मी तळघरात कंदील शोधायला गेले. वर येऊन पाहते तो डबा उघडा. मी विचारले, "किती खाल्ल्यास?"

"चार. या खेपेला जरा कडवट झाल्यात गं."

"चिठ्ठी वाचली नाहीस?"

"वाचली की. बत्तीस वर्षं तुझ्या प्रत्येक डब्यावर हेच लिहिलेलं असायचं. आत केक असला की हमखास."

"अरे, त्यात गांजा आहे. मी एका वेळी अर्धी खाते."

एल्डनने खिशातून ट्रकची किल्ली काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. तोपर्यंत त्याला काहीही झालेले नव्हते, अंमल चढायला वेळ लागतो. तो म्हणाला, "आत्ता शुद्धीत आहे तोवर ठेवतो. नंतर मला वाटायला लागेल की मी फार झकास चालवतो." मग त्याने माझ्याच फोनवरून काउंटीच्या कचेरीला कळवले, की मी आज गाडी चालवण्याच्या लायकीचा नाही. हे बोलणे कचेरीत ध्वनिमुद्रित झाले आहे. ते ऐकावे अशी माझी विनंती आहे.

त्यावर कचेरीतल्या बाई म्हणाल्या की हार्लन टीग यांचे ऑक्सिजनचे यंत्र विजेअभावी बंद पडले आहे. त्यांच्याजवळ छोटे सिलिंडर आहे, ते संपत आले आहे. अँब्युलन्स त्यांच्या चढाच्या पायथ्याशी बर्फात अडकली आहे आणि काउंटीचा दुसरा ट्रक खिंडीपलीकडे आहे. हे ऐकून एल्डन उठला. किल्लीजवळ गेला. थोडा वेळ तिच्याकडे पाहत उभा राहिला आणि परत खुर्चीत जाऊन बसला. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

किल्ली मी उचलली.

लग्नाआधी मी वडिलांच्या शेतावर ट्रॅक्टर चालवलेला आहे. एवढ्या मोठ्या ट्रकचा परवाना माझ्याकडे नाही. हे मला एल्डनने सांगितले होते व फोनवरच्या बाईंनीही सांगितले होते. ट्रक मीच चालवला. एल्डन शेजारी बसून मला सांगत होता. उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. स्टिअरिंगला किंवा पुढच्या बर्फ ढकलायच्या पात्याच्या दांड्याला त्याने हात लावला नाही.

चढ सुरू होईपर्यंत त्याचे बोलणे ठीक होते. नंतर तो म्हणाला, "वर्ना, बर्फ किती पांढरा आहे."

मी म्हटले, "जन्मभर तोच काढतोयस."

"काढला. बघायचा राहून गेला."

"एल्डन, पातं वर घेऊ की खाली?"

"खाली. घाबरू नकोस, तुझा हात चांगला आहे. मी तुला हे कधी बोललो नाही."

चढ संपेपर्यंत तो आणखी बरेच बोलला. त्याचा या तक्रारीशी संबंध नाही. तो काय बोलला हे जबाब घेणारे डेप्युटी ट्रुहियो यांनी मला दोनदा विचारले. ते शाळेत असताना मी त्यांना जेवण वाढलेले आहे. तरी मी सांगितले नाही.

टीग यांच्या फाटकाशी एल्डन "तिकडे घे" म्हणाला. हात मांड्यांखाली असल्याने त्याने हनुवटीने दिशा दाखवली. हनुवटीवरून मला डावीकडे वाटले. त्यात टपालपेटी व कुंपणाचा काही भाग पडला. ही चूक माझी आहे.

मागोमाग अँब्युलन्स आली. टीग दाराशी खुर्चीत बसले होते, ओठ निळे पडले होते. अँब्युलन्सच्या लोकांनी त्यांना मास्क लावला. थोड्या वेळाने रंग परत आला. मी जवळच उभी होते. डोळे उघडून ते पहिले वाक्य बोलले, "वर्ना, माझी टपालपेटी."

एल्डन ट्रकमध्ये बसून हसत होता. टीग यांनी विचारले, "हा कशाला हसतोय?"

"त्यानं चुकून गांजा खाल्लाय."

"आणि ट्रक?"

"मी चालवला."

"त्यालाच चालवू द्यायचा होतास. पेटी तरी वाचली असती."

त्यानंतर मास्क बाजूला करून त्यांनी ठाण्याला फोन लावला व एल्डनविरुद्ध तक्रार केली. एल्डन नशेत ट्रक चालवत होता, हे त्यांचे म्हणणे खरे नाही. डबा माझा होता, वड्या माझ्या होत्या व ट्रक मी चालवला. एल्डनची नोकरी ट्रकवरच आहे, याची नोंद घ्यावी. पेटी मी नवी बसवून देईन. वड्या यापुढे कुलपात ठेवीन.

एल्डन सध्या ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर असून ठाण्यातल्या पैसे टाकून खाऊ घ्यायच्या यंत्रातले सगळे शेंगदाणे त्याने संपवले आहेत. तो घरी कसा जाणार, असे डेप्युटींनी विचारले. त्याने आज गाडी चालवू नये. त्याच्या घराच्या रस्त्यावर बर्फ आहे, कारण तो काढणारा माणूस बाकावर बसला आहे. तरी रस्ता मोकळा होईपर्यंत मी त्याला माझ्या घरी नेत आहे. खिंडीपलीकडचा ट्रक कधी येणार, हे मला माहीत नाही. मी विचारलेले नाही.

वरील जबाब डेप्युटींनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी जे सांगितले तेच त्यात आहे. वाचताना दार उघडे होते. एल्डन बाहेरून "बरोबर आहे" असे म्हणाला. त्याचा जबाब वेगळा घ्यावा.

सही – वर्ना होल्मग्रेन
समक्ष – डेप्युटी ट्रुहियो