बिनखाडाखोडीचं कार्ड

मी सारंगखेड्याची, गुजर पाटलाची आंडेर, म्हणजे लेक, सतराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हा सासरच्यांनी हात वर केले, पण बाप खमक्या, म्हणाला रडत बसू नको, शीक, आणि धुळ्याला नर्सिंगला घातलं. अक्षर माझं मोत्यासारखं, हे मी नाही सांगत, सगळे सांगायचे, आणि त्याच अक्षरानं घात केला, काय सांगू तुम्हाला. दवाखान्याचं नाव लिहू नका. तापीच्या अंगाचा, वीस खाटांचा, एवढंच लिहा.

तेव्हा आमच्याकडे कागद कमी. हमीदाबी म्हणून आया होती, माझ्या आईच्या वयाची, निरक्षर. ती काय करायची, खाटेच्या पायाला पट्टीची चिंधी बांधायची आणि पेशंटला सुई दिली की चिंधीला एक गाठ मारायची. ड्यूटी बदलली की नवी सिस्टर आधी गाठी मोजणार, मग कामाला लागणार. सात वर्षं मी बघितलं, कधी चुकली नाही बाई.

मग नवे डॉक्टर आले, बरोबर छापील कार्डं. प्रत्येक खाटेला एक, त्यात वेळ, ताप, औषध, सही. बाकीच्या सिस्टर कुरकुरल्या, पेशंट बघायचा का कागद, म्हणे. मी पुढं झाले. डॉक्टरांना खाडाखोड खपत नसे, शाई फासलेलं कार्ड ते वॉर्डात सगळ्यांसमोर उंच धरायचे आणि म्हणायचे हा कोणाचा पराक्रम? माझं कार्ड मात्र कौतुकानं धरायचे. म्हणून मी एक युक्ती केली, आग लागो त्या युक्तीला. दिवसभर सुया द्यायच्या, आणि ड्यूटी संपताना हात धुऊन, पुसून, टेबलाशी बसून सगळी कार्डं एका दमात लिहायची. कुठं डाग नाही. सगळ्याजणी तसंच करू लागल्या.

एके दिवशी डॉक्टरांचं लक्ष चिंध्यांकडं गेलं. हे काय बांधलंय म्हणाले. मीच कात्री आणली, भाऊ. त्यांच्या देखत खाटेखाटेवरून चिंध्या कापत गेले, हमीदाबी मागून म्हणत होती, काब्र कापतस वं बाई, का म्हणून, आणि मी हसले.

त्याच दिवशी खापर गावाच्या पल्याडून, डोंगरातून एक पावरा आदिवासी माणूस पोरीला खांद्यावर घेऊन आला. दहा-अकराची पोर. मेंदूत चढलेला हिवताप. डॉक्टर म्हणाले दुपारी क्विनाइनची एक सुई, दुसरी दिवस मावळल्यावर, आधी नाही, हृदय झेपणार नाही. दुपारी मी सुई दिली, सावकाश, शिरेतून. हमीदाबीनं पोरीचा हात धरला होता, बाप उशाशी उभा होता. तेवढ्यात बाळंतिणीची हाक आली, मी धावले. कार्ड कोरं राहिलं. लिहू ना ड्यूटी संपताना, नेहमीसारखं.

दोन वाजता ड्यूटी बदलली, सुशीला सिस्टर आली, मी अजून बाळंतिणीपाशीच. कार्ड बघितलं, कोरं. हमीदाबी म्हणाली सुई दी टाकी बाई, दुपारलेच दी टाकी. सुशीला म्हणाली गाठ कुठंय? गाठ कुठून असणार. आता कागदावर असेल तेच खरं, असं म्हणून तिनं सुई दिली, आणि लगेच लिहिली. तेवढी एकटी शहाणी निघाली. घटकाभरात पोर गेली.

मी हात धुऊन पेन उघडत आले, आणि माझ्या रकान्यात सुशीलाची सही. कळलं मला. पेन बंद केलं.

हमीदाबी डॉक्टरांना म्हणाली, दोन सुया दिध्या साहेब, दोन. बापही बोलत होता, त्याच्या पावरीत, दोन सुया दिल्या माझ्या लेकीला. ती बोली वॉर्डात मला एकटीलाच थोडी कळायची. डॉक्टरांनी विचारलं काय म्हणतो? मी म्हणाले, म्हणतो मला दोनच लेकी होत्या, त्यातली एक गेली. मग त्यांनी विचारलं, तुम्ही सुई दिली होती? मी म्हणाले नाही, मी बाळंतिणीपाशी होते.

हमीदाबीनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता तोंडावर थुंकणार. ती म्हणाली, बाई खोटं कसाले बोलतीन, मन्हीच चूक व्हयनी व्हई. डॉक्टर म्हणाले म्हातारीला भ्रम झालाय, आणि तिला कामावरून काढलं. बापानं पोर परत खांद्यावर घेतली.

आता मी हेडसिस्टर आहे. नव्या पोरी कागदाला कंटाळतात, मी खेकसते, सुई काढली की आधी लिही, शाई फासली तर फासू दे. त्यांना वाटतं बाई कजाग आहे. आहेच मी.

हमीदाबी दर मंगळवारी डोळ्यांत औषध घालून घ्यायला माझ्याकडं येते. तेव्हापासून तिचा स्वतःवर भरवसाच राहिला नाही. घालून झालं की विचारते, घालं का वं बाई, का मीच इसरनू? घातलं म्हटलं तरी पटत नाही, म्हणते कागदवर लिख, तुन्हा हातनं लिखेल खरं. मी लिहिते, मोत्यासारखं. मग ती चाचपडत माझं डोकं शोधते, त्यावर हात ठेवते आणि म्हणते, अल्ला तुले सुखी ठेवो, माय. मी मान खाली घालून हात हलेपर्यंत बसून राहते.