उंबऱ्याबाहेरची गोदा

टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले, दम घ्या! मंडळी, मला एक सांगा — आपलं वाईट करणाऱ्याचा राग येतो, हे समजतं. पण ज्यानं आपलं भलं केलं, त्याचाच राग का येतो? येतो की नाही? — बघा, पुढच्या ओळीतल्या काकूंनी पदर तोंडाला लावला! म्हणजे येतो!

तर ऐका. एक होती सगुणा, आईविना वाढलेली. म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला, दिगू! सासूबाई म्हणाल्या, "पहिला चीक जड असतो, पिळून टाका!" तीन दिवस पोर आईच्या अंगावर लावलंच नाही. मग पोर कुठं? मोठ्या जावेच्या, गोदेच्या मांडीवर! गोदेची मुलगी चार महिन्यांची, आणि दूध असं की दोघं पिऊन उरावं. चौथ्या दिवशी सगुणेनं दिगूला जवळ घेतलं, तर तो तोंड फिरवून किंचाळला. सगुणेच्या छातीला जखमा झाल्या, ताप आला, आठवड्यात दूध आटलं. दिगूनं बाळसं धरलं ते गोदेच्या दुधावर.

अहो पुरुषमंडळी, माना खाली नका घालू! तुम्ही काय भाकरी खातच जन्माला आलात?

"गोदा होती म्हणून पोर जगलं!" — अख्खा गाव म्हणायचा. खरंच होतं ते, आणि खरं होतं म्हणूनच सगुणेला झोंबायचं. दिगू पडला, रडला, की हाक कुणाला? "मोठ्याई!" — गोदेला! सगुणा चुलीपुढं बसून ऐकायची आणि फुंकणी आपटायची. गोदा हसली तरी राग, गोदेनं डोक्याला तेल लावून दिलं तरी राग!

तीन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. "या खेपेला मीच पाजणार!" तयारी काय विचारता! अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, शतावरी! लाडवांचा डबा पलंगाखाली लपवलेला, अक्काची, म्हणजे गोदेची, नजर पडू नये म्हणून.

उपकेंद्रातल्या नर्सबाई हसल्या. "लाडू खा गं, चवीला छान! पण बाळ ओढेल तसं दूध येतं. पहिल्या तासात छातीशी घे. चीक टाकू नको, तो पाजायचाच असतो."

सगुणेच्या मनात काय आलं? — म्हणजे मी दुबळी नव्हते! अक्कानंच माझं दूध तोडलं! चीक टाकायला लावणारी सासू, पण सासूचं नाव नाही घेतलं हो तिनं! मत्सराचं माणूस आधीच ठरलेलं असतं. नवऱ्याला शपथ घातली, "माझ्या खोलीत अक्काचं पाऊल पडायचं नाही." गोदेनं ऐकलं आणि भांडी घासत राहिली.

दवाखान्यात मुलगी झाली. तासाभरात जवळ घेतली. पण पोर तोंड लावी आणि सुटून जाई! दुसऱ्या दिवशीची दुपार झाली, छाती दगडासारखी, पोर रडून लाल. नर्सबाई दुसऱ्या बाळंतिणीकडं. सासू म्हणाली, "गोदाला बोलावते." "नको!" सगुणा ओरडली. "मेले तरी नको!"

गोदा दारातच होती! हातात जेवणाचा डबा, आणि पाऊल उंबऱ्याबाहेर. शपथ पाळत होती बाई!

"भिऊ नको सगुणे," ती तिथूनच म्हणाली. "माझं दूध आटून दोन वर्षं झाली. मी काय घेणार तुझ्याकडून?"

मंडळी, जे उरलंच नव्हतं, त्याच्यावर ही दोन वर्षं जळत होती!

"पोरीला उताणी धरू नको. पोट पोटाला लाव. नाक बोंडासमोर. थांब! जांभईएवढं तोंड उघडू दे... आता घे!"

पोरगी चिकटली. घुटुक, घुटुक!

सगुणा रडायला लागली. "अक्का, तुला हे येत होतं? मग तेव्हा का नाही शिकवलंस?"

गोदेची मान खाली गेली. "पहिलटकरीण होते तेव्हा मलाही जमलं नव्हतं. माझ्या आईनं शिकवलं. तुला आई नव्हती, मीच शिकवायचं होतं. पण पोर मांडीवर होतं, गाव वाहवा करत होता... मला गोड वाटलं गं ते."

मग सगुणा खाटेवर जरा सरकली. "आत ये. बस इथं."

जळफळाट गेला का? छे! संध्याकाळी दिगू आला आणि "मोठ्याई!" करत गोदेलाच बिलगला, तेव्हा पुन्हा टोचलंच. पण सरकून दिलेली जागा तिनं परत मागितली नाही.

मंडळी, भलं करणाऱ्याचा राग का येतो, कळलं? आपल्या हातून व्हायचं ते त्यानं केलं, आणि आपले हात रिकामे राहिले म्हणून! तेव्हा तुमच्या उंबऱ्याबाहेर कोण ताटकळतंय, ते बघा. आणि वाहवेसाठी दुसऱ्याचं पोर तुम्हीच मांडीवर घेऊन बसला असाल, तर आज त्याच्या आईकडं द्या, आणि कसं धरायचं तेही सांगा.

काय काकू, पदर आता डोळ्यांना? — तुमच्या जाऊबाई मागच्याच ओळीत बसल्यात. जरा सरकून घ्या. उचला टाळ!