ओळखीची नको

—अगं बस, गॅरेजवाला अर्नी तुझ्या गाडीचा टायर बसवताना गप्पाही मारतो, इतक्यात सुटका नाही तुझी. कॉफी घे. तर काय सांगत होते — हां, आमच्या आरोग्यविम्याच्या कंपनीची बाई. फोनवर काय गोड बोलते! “मॅडम, तुमच्या भागात मनावर उपचार करणाऱ्या चार लायसन्सवाल्या सोशल वर्कर आहेत.” चार! अख्खा जन्म या खोऱ्यात गेला माझा, आणि मला एक सोडून बाकीच्या ठाऊक नाहीत? लावले फोन. पहिली केव्हाच वारलेली — तिचा नवरा फोनवर रडायला लागला, मीच त्याची समजूत घालत बसले. दुसरा नंबर कुत्र्यांचे केस कापणाऱ्याचा. तिसरीकडे नवे पेशंट बंद. मग विमावाली म्हणे व्हिडिओवर बोला! आमच्याकडे सिग्नल येतो कुठे, तर कबरस्तानाच्या टेकडीवर. माझ्या रॉइसने काय थडग्यांत बसून मन मोकळं करायचं?

रॉइस म्हणजे माझा नवरा. गावच्या अग्निशमन दलात आहे — पगारबिगार काही नाही, भोंगा झाला की जेवणावरून उठून पळायचं. मार्चच्या पुरात व्हीलरांची पोरगी त्याने गाडीतून बाहेर काढली. — नाही गं, जिवंत नाही. तेव्हापासून भोंगा झाला की हा घरच्या गॅरेजमध्ये जाऊन ट्रकमध्ये बसतो, दार लावून. — छे, इंजिन चालू नाही करत! किल्ली माझ्याकडे असते. शिकारीची रायफलही बहिणीकडे नेऊन ठेवलीय, साफ करायला दिली म्हणून सांगितलं. इतके दिवस कुणी रायफल साफ करतं का? कळलंय त्याला. विचारत नाही. — हे मी तुला कशाला सांगतेय? ॲपल पाय खा.

हां, चौथी. चौथी आहे! जनेल, चर्चमागे राहते. गेले. तिने माझा हात धरला नि म्हणाली, “वर्ना काकू, ओळखीच्या माणसाला घ्यायचं नाही असा आमचा नियम आहे. माझ्या बाबांना जळत्या गोठ्यातून रॉइसकाकांनीच तर काढलं.” ऐकलंस? ज्याने गाव वाचवलं त्याला गावात कुणी नाही, का — तर सगळे ओळखतात! नियम करणारे राहतात राजधानीत, तिथे शेजारी मेला तरी वासावरून कळतं. इथे अनोळखी माणूस आणू कुठून? कॉफीच्या तिसऱ्या घोटाला मी समोरच्याच्या आजोळापर्यंत पोचते. आता तुझंच — कुणाकडे आलीस तू? — दवाखान्यात? सोमवारपासून? — नवी सोशल व—

थांब. नाव सांगू नकोस! लायसन्स आहे ना, उपचार करण्याचं? — नुसती मान हलव. बस. ती बशी इकडे दे. मी काही बोलले नाही, तू मला पाहिलं नाहीस. सोमवारी एक उंच माणूस येईल, टोपी हातात धरून, दाराशीच घोटाळेल. त्याला तू पहिल्यांदाच बघशील, कळलं? कॉफीचे पैसे ठेव — ठेव म्हणते ना! फुकट प्यायलीस की झाली ओळख. आणि त्या अर्नीशी एक शब्द बोलू नकोस, रॉइसचा मावसभाऊ आहे तो. ऊठ. — आता डोळे कसले पुसतेस? कोण लागतेस तू आमची? जा.