एकाच पुलावरचे दोन न्याय

मंडळी, अक्का, देवपुरातल्या माझ्या गाडीवान भावांनो,

आज मुकाट बसावं असंच वाटत होतं. आपले सुपडू आबा परवा अक्कांना एकटं टाकून गेले, आणि तुम्ही मला त्यांच्यावर बोलायला उभं केलंत. अक्का, माझा आवाज चढला तर माफ करा. आबा आठवले की मला रडू नंतर येतं, आधी अंगात वारं संचारतं!

तुम्हाला ठाऊक आहे, मागे व्यापाऱ्यांनी हाच पांझरेचा पूल अडवला होता. कलेक्टर साहेबानं हुकूम काढून माल उतरवायची जागा बदलली, म्हणून मोटारी आडव्या लावल्या. दोन दिवस चिटपाखरू पलीकडे गेलं नाही. साहेबानं काय केलं? त्यांच्यासाठी खुर्च्या मागवल्या. सरबत मागवलं. तिसऱ्या दिवशी हुकूम मागे!

मग आली आमची पाळी. साहेबाच्या मोटारीला बैलगाड्यांची अडचण होते, म्हणून हुकूम निघाला, की गाड्यांनी पुलावरून यायचं नाही, नदीतून उतरायचं. कधी? भर पावसाळ्यात! लाकडानं भरलेली गाडी पुरात घालायची? आबांचा एक बैल त्या पाण्यात गेला. आबाही जायचे, थोडक्यात वाचले. आम्ही अर्ज केले. अर्जावर अर्ज केले. उत्तर नाही.

तेव्हा आबांनी डोकं लढवलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही भरलेल्या गाड्या पुलावर आणून सोडल्या, आणि बैल खांदेमळणीला, खांद्यांना तेल-हळद चोळायला, घरी नेले. सकाळी त्यांना न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, झुली चढवल्या, आणि वाजतगाजत पुलापाशी आणले. साहेब आला, आणि काय सांगू, हसला! त्याला वाटलं, ही मिरवणूक त्याच्याच स्वागताची! टोपीसुद्धा काढली हो त्यानं! मग गाड्या दिसल्या. ओरडला, जुंपा ते बैल, हटवा गाड्या.

आबा पुढे झाले. म्हणाले, "साहेब, आज पोळा शे. आज बैल देव शे. त्याले कोन जुपी?"

साहेबानं हवालदाराला फर्मावलं, तू जुंप. हवालदारही शेतकऱ्याचाच पोर. तो म्हणाला, नोकरी घ्या साहेब, पण आज जू उचलणार नाही. एक शिपाई जागचा हलला नाही. साहेबानं स्वतः हातांनी ढकलून पाहिल्या, भरल्या गाड्या हलतात होय? बठ्ठं, अगदी सगळं देवपूर काठावर उभं राहून हसत होतं!

दुसऱ्या दिवशी पोळा संपला, आणि काठ्या आल्या. खुर्च्या नाही आल्या, मंडळी. काठ्या आल्या. पूल तोच, साहेब तोच, अडवणूक तीच. व्यापाऱ्यांनी दोन दिवस अडवला, आम्ही एकच. मग पाठी आमच्याच का फुटल्या? आबांच्या बरगड्या त्या दिवशी मोडल्या, त्या शेवटपर्यंत नीट जुळल्या नाहीत.

आणि गेल्या महिन्यात साहेबाचा निरोप आला. सगळ्यांनी माफी लिहून द्या, पूल मोकळा करतो. मी सही केली. हो, मी! सगळ्यांच्या आधी! बैल वाहून जाण्यापेक्षा हे बरं, असं वाटलं मला. कागद घेऊन आबांच्या खाटेपाशी गेलो. ते रागावले नाहीत. धाप लागली होती, तरी एवढंच विचारलं, "शेठजीस्नी लिखी का माफी?"

शेठजींकडे कुणी मागितलीच नव्हती. कागद तिथंच फाडला. आबांनी माझा हात घट्ट धरला. पूल मात्र अजून आपल्याला बंदच आहे.

आता नीट ऐका. मध्यंतरी एक शेठ वारले, तेव्हा दुखवटा म्हणून अर्धा दिवस पूल बंद होता. साहेब स्वतः मान खाली घालून उभा होता. त्याला कुणी अडवणूक म्हटलं नाही. आपलेही आबा वारलेत ना?

म्हणून दोन मिनिटांची शांतता इथे नको. उठा! बाहेर गाड्या जुंपून ठेवल्या आहेत. पुलाच्या मधोमध जाऊ आणि तिथे आबांसाठी गप्प उभे राहू. काठी आली तरी कुणी हात उचलायचा नाही. हा दुखवटा की अडवणूक, ते साहेबानं सांगावं, आणि सगळ्या धुळ्यासमोर सांगावं.

अक्का, पहिल्या गाडीत तुम्ही बसा. आबांना नमस्कार तिथूनच करू.