आजीची तक्रार

वानुआतूच्या राजधानीत, पोर्ट व्हिलाच्या दवाखान्यात माझा दीड वर्षाचा टोमा मांडीवर झोपला होता. तो अजून एक शब्दही बोलत नाही, म्हणून हल्ली मी सगळ्यांचं बोलणं कान देऊन ऐकते. मागच्या बाकावर नेल्ली नावाची बाई मैत्रिणीला सांगत होती.

“उद्याच्या बोटीनं सासूबाई तान्ना बेटावरून येतायत. त्यांना त्यांच्या बोलीशिवाय काही येत नाही आणि माझ्या पोराला बिस्लामाशिवाय. नातवाशी बोलणार कशा?”

“तुझं बेट एक, नवऱ्याचं दुसरं. घरात बिस्लामाच चालणार ना, नेल्ली?”

“त्यांना ती मजुरांची भाषा वाटते.”

“त्यांच्याच पणजोबांनी ऑस्ट्रेलियातल्या उसाच्या मळ्यातून आणलीय ती, गोऱ्या मुकादमाची इंग्रजी मोडूनतोडून.”

“मी मध्ये बसून दोघांना समजावून सांगेन.”

“अजिबात नको. मग कोणीच काही शिकणार नाही. पोर त्यांच्याकडे सोड आणि तू बाजारात जा.”

“आणि त्याला काही कळलंच नाही तर?”

“माझी सासूही फक्त तिच्याच बोलीत बोलते, मलाही हीच धास्ती होती, बाई. एक दिवस माझा पोरगा येऊन बिस्लामात म्हणाला, ‘आई, आजी म्हणते तुझं लापलाप कच्चं असतं.’”

“मग तू काय केलंस?”

“पोरगा आजीची भाषा शिकला म्हणून शेजारणीला सांगून आले. आणि केळीच्या पानातलं ते कंदाचं लापलाप पुन्हा गरम दगडांवर ठेवलं.”